पंख्याला दावं

अन्याय झाला तो आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावाड्यावर. गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, धरणाच्या भिंतीखालच्या शाळेच्या व्हरांड्यात. वेळ मुद्दाम लिहिते आहे, कारण संस्थेच्या इतिवृत्तात वेळ लिहिलेली नाही, आणि ज्या गोष्टीची वेळ लिहून ठेवत नाहीत ती पुढं झालीच नव्हती असं म्हणायला सोपी जाते. त्या दिवशी त्या व्हरांड्यात पन्नाशी उलटलेल्या एका माणसाला, सभासदांनी हात वर करून केलेल्या ठरावानं, त्याच्या बोटीवरून खाली उतरवण्यात आलं. गुन्हा काय, तर बोट शिडावर चालली की तो तिचा पंखा दाव्यानं बांधून ठेवायचा.

हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं.

आमच्या भागात बोट ही मुळात नवलाचीच गोष्ट. परंड्यापासून एसटीनं तासाभरावर आमचं धरण. बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर सुरू झालं, आमच्या आयांनी त्याची खडी फोडली, आणि पाणी साठलं तेव्हा त्यात पहिल्यांदा बुडालं ते आमचंच जुनं गाव. मग सरकारला वाटलं, यांची जमीन घेतली, यांना मासे द्यावेत. संस्था निघाली. जन्मात ज्यांनी पाण्यात ढोपराच्या वर पाय घातला नव्हता अशी माणसं मच्छीमार झाली. माझी आई सभासद झाली. ती आजही पाण्याकडं पाठ करून मासे निवडते.

बोट कोकणातून ट्रकवर चढवून आणली. लाकडी, पोटात डिझेलचं इंजिन, मागं पाण्यात दोन पात्यांचा पितळी पंखा. पंखा म्हणजे तिला पुढं ढकलणारा. आम्ही सगळे त्याला पंखाच म्हणतो. सोबत एक डोलकाठी आणि पोत्यात गुंडाळलेलं शीडही आलं होतं. इंजिन असताना शीड कशाला, म्हणून ते पोतं संस्थेच्या चेअरमनच्या घरी गेलं आणि दोन उन्हाळे त्यांच्या भावकीतल्या लग्नांत मांडवाला लागलं. त्यावर हळदीचे डाग अजून आहेत.

ही बोट चालवता येणारा माणूस साऱ्या पंचक्रोशीत एकच. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणते. मुंबईच्या गोदीत लाँचवर खलाशी म्हणून त्यांची पंधरा वर्षं गेली. दुष्काळात घरची माणसं खडी फोडायला बसली हे कळल्यावर ते परत आले, ते आलेच. छपन्न साली दीक्षा घेतलेलं घर. बोलणं कमी, आणि जे बोलतील त्यात समोरच्याची हलकी टोपी उडवलेली. बोट आली त्या दिवशी तिच्यात बसायची हौस सगळ्यांना होती; चालवायची जबाबदारी आली तेव्हा सगळ्यांनी आबांकडं पाहिलं.

मग डिझेलची टंचाई आली. परंड्याच्या पंपावर कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं आणि रिकामा कॅन घेऊन परत यायचं. धरणाच्या पलीकडल्या काठाची जाळी उचलून मासळी सकाळच्या कुर्डुवाडीच्या एसटीत चढवायची तर बोट पाहिजेच. आबांनी चेअरमनच्या घरून शीड मागून आणलं, ठिगळं लावली, डोलकाठी उभी केली. त्या वर्षीच्या आषाढात आमच्याकडं पाऊस नव्हता, पण वारा भरपूर होता. पावसाशिवाय आलेल्या वाऱ्याला सगळा तालुका शिव्या देत होता. एकटे आबा त्याच्यावर मासे आणत होते.

मी त्या वेळी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे. लिहायचे, स्टेन्सिल कापायचे, परंड्यातल्या संघटनेच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायचे आणि कोपरापर्यंत काळी होऊन शेवटच्या एसटीनं घरी यायचे. नावाड्याच्या कामाची परिस्थिती अभ्यासायची म्हणून मी एके सकाळी वही घेऊन बोटीत बसले.

काठ सोडला, शीड फुगलं, आबांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत. आणि मग त्या शांततेत पायाखालच्या फळ्यांमधून बारीक घुरघुर यायला लागली, भिंतीपलीकडं कुणी जात्यावर दळत असावं तशी. इंजिन तर बंद होतं. मी आबांना विचारलं, हे काय.

आबांनी सुकाणू वळवून बोटीचं नाक वाऱ्याकडं केलं. शीड फडफडलं, बोट मंदावली, घुरघुरही मंदावली. त्यांनी एक फळी उचलली. खाली शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून पंख्याकडं जाणारा लोखंडी दांडा, आपला आपण फिरत होता. आबांनी तो हातानं थोडा फिरवून थांबवला, बैलाच्या गळ्यातून काढलेलं जुनं दावं त्याला दोन वेढे घालून कडेच्या आडव्या लाकडाला बांधलं, आणि दाव्याचं उरलेलं टोक इंजिनाच्या हँडलवर टांगलं. मग नाक पुन्हा वळवलं. शीड भरलं, बोट निघाली. घुरघुर नाही.

"आबा, तो बांधला कशाला?"

"बांधला न्हाय तर फिरतंय की."

"फिरलं तर काय बिघडतं?"

"तुझ्या पायाला भिंगरी हाय. तुझं काय बिघडतंय ते तुझ्या आईला इचार."

मी वहीत लिहिलं: नावाडी प्रश्न टाळतो. त्यांनी ते वरून वाचलं. मग परतीच्या वेळी शीड चढवून त्यांनी पंखा मुद्दाम तसाच फिरू दिला. धरण अर्धं ओलांडल्यावर म्हणाले, त्या पेटीवर हात ठेव. इंजिनाच्या मागची ती लोखंडी पेटी, गिअरबॉक्स. मी तळहात ठेवला आणि लगेच उचलला. इंजिन तासभर बंद होतं आणि पेटी चुलीवरून काढलेल्या तव्यासारखी होती.

मग आबांनी मला समजावलं. इंजिन चालू असलं की ते त्या पेटीत तेल फिरवतं. इंजिन बंद असलं की तेल तळाशी बसतं. पण शिडावर बोट पुढं सरकली की पाणीच पंख्याला फिरवतं, पंखा शाफ्टला, शाफ्ट पेटीतल्या दात्यांना. तेलाशिवाय दात्यावर दाता घासतो. शिवाय शाफ्ट जिथून बोटीच्या बाहेर पाण्यात जातो तिथली दोऱ्याची पॅकिंग झिजते, आणि त्या भोकातून पाणी आत येतं. गिअर टाकून ठेवला तर शाफ्ट अडत नाही का, असं मी शहाणपणानं विचारलं. तर या पेटीची पकडही तेलाच्याच जोरावर आहे, इंजिन बंद असलं की ती सुटते. म्हणून दावं. आणि दाव्याचं टोक हँडलवर अशासाठी, की कुणी विसरून इंजिन चालू करायला गेलं तर आधी दावं हातात यावं.

"एवढं साधं आहे तर संस्थेत सांगत का नाही?" मी म्हणाले.

"सांगितलं की. मास्तर म्हणलं, डायनामो."

मास्तर म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचं म्हणणं असं की सायकलचं चाक फिरलं की डायनामो फिरतो आणि दिवा लागतो. तसा पाण्यानं पंखा फिरला की इंजिनात आपोआप शक्ती साठते, ती पुढं डिझेल वाचवते. हे त्यांनी फळ्यावर आकृती काढून सिद्ध केलं होतं, आणि आकृती इतकी सुबक होती की खोटी असेल असं कुणाला वाटेना.

चेअरमनला आकृतीची गरज नव्हती. ते मोठे बागाईतदार, धरणाच्या कामावर मुकादम होते, आणि फुकट मिळणारी कुठलीही गोष्ट थांबवायची नाही हे त्यांचं दुष्काळातलं शिक्षण. टँकरच्या नळाखाली घागर भरली तरी ते नळ बंद करू देत नसत, दुसरी घागर आणा म्हणत. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आमच्याकडं सगळ्यांचंच तसं झालं आहे. पाणी फुकटात पंखा फिरवतंय आणि हा माणूस तो बांधतोय, हे त्यांना बघवेना. काठावर उभं राहून ते मोठ्यानं म्हणाले, "सरकारनं दिलेल्या मशीनला दावं? म्हैस हाय का ती?"

"म्हैस बरी," आबा म्हणाले. "ती बांधली तर दूध तरी देती. ही सोडली तर काय देईल ते समजंल."

चेअरमन हसले नाहीत. त्या दिवसापासून तोंडी हुकूम निघाला की पंखा बांधायचा नाही. आबा हो म्हणाले आणि बांधत राहिले. चेअरमनच्या भाच्याला बोटीवर मदतनीस म्हणून ठेवण्यात आलं, म्हणजे आबा बांधतात का ते बघायला. तो चांगला तिशीचा गडी, पण बोटीत बसला की त्याला मळमळायचं, आणि डोळे मिटून पडलेला माणूस काय बघणार.

मासळीची एसटी मात्र त्या महिन्यात दोनदा चुकली. एकदा वारा पडला म्हणून, एकदा एसटीच आधी निघाली म्हणून. काठावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायांना कारण पाहिजे होतं. चेअरमननी दिलं: पंखा बांधतो, म्हणून बोट जड चालते.

इथं मी पेटले. त्याच आठवड्यात पत्रक काढलं. चौदा मागण्या होत्या. अकरावी मागणी, 'कुर्डुवाडीची एसटी वेळेवर सोडा' हिच्या खाली, 'शिडावर चालताना पंखा बांधण्याचा नावाड्याचा हक्क मान्य करा' अशी होती. तिच्या समर्थनात मी लिहिलं होतं की विनाकामाचा फिरणारा पंखा हा श्रमिकांच्या साधनांची झीज करून भांडवलशाहीची सेवा करतो. आबा चौथी शिकलेत. त्यांनी चष्मा लावून ते वाक्य तीनदा वाचलं.

"पंख्याला एवढं शिकवलंस," ते म्हणाले, "तर मोर्चाला त्यालाच घिऊन जा. म्या घरी ऱ्हातो."

मी त्यांना ऐकवलं की तुमच्यासारख्यांच्या या थट्टेमुळंच चळवळ मागं राहते. बोलता बोलता ते तंबाखू मळत होते. चंची उघडायची, नखानं चुना काढायचा, मळायचं, तोंडात टाकायचं, आणि अंगठ्याला राहिलेला चुना जवळ जे असेल त्याला पुसायचा. त्या दिवशी त्यांनी तो शाफ्टला पुसला. मी तंबाखूविरोधी मंडळाचंही एक पत्रक लिहिलेलं होतं, त्यातली वाक्यं मला पाठ होती, ती मी सगळी म्हणाले. आबांनी ऐकून घेतलं. नुसते गालात हसत होते. त्या हसण्याचा अर्थ मी विचारायला पाहिजे होता. नाही विचारला. आपल्याला सगळं सांगून झालेलं आहे असं मला त्या वयात वाटायचं. वय काही फार मागं गेलेलं नाही, गेल्याच वर्षीचं आहे.

पत्रकाचा परिणाम एवढाच झाला की चेअरमननी सभा लावली. श्रावण होता, मासळीला गिऱ्हाईक नव्हतं, सगळ्यांना वेळ होता. विषय एकच: नावाडी. मी चेअरमनच्या ओट्यावर गेले आणि म्हणाले, सभेच्या आधी चाचणी घ्या. पाणी उपसायच्या विहिरीपासून बुडालेल्या देवळाच्या शिखरापर्यंत बोट दोनदा शिडावर न्या, एकदा पंखा सोडून, एकदा बांधून. सगळ्यांसमोर. बांधल्यानं बोट जड होते का ते दिसेल.

चेअरमन लगेच हो म्हणाले. मी घाबरून जावं इतकं लगेच. पण मला वाटलं, सत्याचा विजय जवळ आला.

आणि त्या सत्याला कुणी बोट दाखवू नये म्हणून मी स्वतःच अटी लिहून दिल्या. बोट भाचा चालवेल. घड्याळ मास्तर धरतील. पंखा मी बांधेन. आणि शेवटची अट, माझ्याच अक्षरात: 'नावाडी चाचणीच्या वेळी बोटीला हात लावणार नाही व चाचणीबाबत काही बोलणार नाही.' म्हणजे आबांनी फसवलं असं कुणाला म्हणता येणार नाही. खाली माझी सही, चेअरमनची सही. आबांना मी कागद वाचून दाखवला. ते म्हणाले, "पुढारीणबाई, मला येकदा इचारलं असतंस तर बरं झालं असतं." मी म्हणाले, आबा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

त्या सोमवारी सकाळी आठलाच काठ भरला. उपास असलेले, नसलेले, सगळे. दुष्काळामुळं पाणी उतरलं होतं, देवळाचं शिखर पुरुषभर वर आलं होतं. वारा एकसारखा, पश्चिमेचा. पहिली फेरी पंखा सोडून. बोट गेली, मास्तरांनी वेळ लिहिली.

बोट परत काठाला लागली तेव्हा मी चढले. फळी उचलली. शाफ्टवर ते पांढरं दिसलं, अंगठ्याएवढं. एवढा गाव बघतोय आणि या माणसानं सरकारी यंत्राला चुना पुसून ठेवलाय. उद्या चेअरमन त्याचीही तक्रार करतील. मी पदरानं शाफ्ट लख्ख पुसून काढला. मग दावं घेतलं, दोन वेढे, पक्की गाठ, टोक हँडलवर. आबांनी दाखवलं होतं तसंच. काठावर आबा उभे होते. त्यांनी एक हात थोडा वर केला होता. मला वाटलं, आशीर्वाद देतायत.

दुसऱ्या फेरीला दोन मिनिटं जास्त लागली.

मला वाटलं, मास्तरांनी चूक केली. मी घड्याळ बघितलं. चूक नव्हती. बोट काठावरूनही डोळ्यांना दिसण्याइतकी जड चालली होती, मागं फेसाचा पट्टा ओढत. बायांमध्ये कुजबुज झाली. सगळे तसेच उठून शाळेच्या व्हरांड्यात गेले.

सभा पंधरा मिनिटं चालली. आबा बोलायला उठले तेव्हा चेअरमननी खिशातून माझा कागद काढला आणि शेवटची अट वाचून दाखवली. नावाडी बोलणार नाही. तुमच्याच पोरीनं लिहून दिलंय, आबा, आमी तर म्हणलं नव्हतं. लोक हसले. आबाही हसले, आणि खाली बसले. मी ओरडले की अट चाचणीपुरती होती, सभेपुरती नव्हती. मास्तर म्हणाले, तुम्ही सभासद नाही, तुम्हाला सभेत बोलता येत नाही. तेही खरंच होतं.

मग हात वर झाले. मी मोजले नाहीत. मला एकच हात दिसत होता. तो माझ्या आईचा होता. दुसऱ्या हातानं ती माझ्याच पत्रकानं वारा घेत होती.

घरी मी आईशी बोलले नाही. ती म्हणाली, बोट हळू गेली ते म्या डोळ्यानं पाहिलं, तुझ्यासाठी डोळे मिटू का? अजूनही मला वाटतं, सभेत बसलेल्यांमध्ये सगळ्यात प्रामाणिकपणे हात तिनंच वर केला.

दुपारी आबांच्या घरी गेले. ते अंगणात जाळं विणत बसले होते. मी म्हणाले, आबा, तुम्ही खोटं बोललात का मला? बांधल्यावर बोट जड होते.

"पाती उभी व्हती का आडवी?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. आबांनी विणायची सुई खाली ठेवली. दोन्ही तळहात एकाखाली एक उभे धरले. पंख्याला पाती दोनच. बोटीच्या मागच्या टोकाला, पंख्याच्या बरोबर पुढं, एक जाड उभं लाकूड असतं. पाती उभी करून पंखा बांधला तर ती दोन्ही त्या लाकडाच्या आडोशाला जातात. पाण्याला ती दिसतच नाहीत, बोट हलकी पळते. पाती आडवी राहिली तर दोन्ही बाजूंना बाहेर येतात आणि पाण्यात फळी धरल्यासारखी बोट मागं ओढतात. पण पंखा पाण्याखाली, तो आतून दिसत नाही. मग पाती उभी आहेत हे कळायचं कसं? आबांनी बोट काठावर ओढली होती तेव्हा एकदा नीट बघून शाफ्टवर खूण केली होती. पुसली गेली की पुन्हा करायची. खूण वर आली की पाती उभी.

"कसली खूण?" मी विचारलं. विचारता विचारताच मला कळलं.

"चुन्याची," आबा म्हणाले. "ती तू पुसलीस. लई झकास पुसलीस, आरशावानी."

मी पदर बघितला; चुना त्याला अजून होता. आणि जो हात आशीर्वादाचा समजले होते तो मला थांबवायला वर केलेला होता, आणि माझ्याच अटीमुळं तो तिथंच थांबला होता.

दुसऱ्याच दिवशी मी लेखी मागणी केली: चूक माझी आहे, चाचणी पुन्हा घ्या. चेअरमन म्हणाले, ठराव झालाय. मास्तर म्हणाले, ठराव झालाय. आईला सांगितलं, तिनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली, मग हे तवाच का न्हाय सांगितलं.

भाच्यानं बोट चालवायला घेतली. पंखा मोकळा. घुरघुर इतकी की काठावर ऐकू यायची. चेअरमन कौतुकानं म्हणायचे, बघा, कशी फिरती. भादवा गेला. दसऱ्याच्या आत एके सकाळी धरणाच्या मधोमध कडाड आवाज झाला आणि घुरघुर थांबली. गिअरबॉक्स जाम. पॅकिंगच्या भोकातून पाणी आत, टोपल्या पाण्यावर तरंगायला लागल्या, भाचा डोलकाठीला मिठी मारून. शीड होतं म्हणून वाऱ्यानं बोट पलीकडच्या काठाला चिखलात जाऊन रुतली. माणूस वाचला. त्या दिवशीची मासळी तळ्यातल्या तळ्यात परत गेली.

सोलापूरहून मेकॅनिक आला. पेटी उघडली, आत बोट फिरवलं, काळा चुरा बाहेर काढला. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो मी सगळ्यांसमोर ऐकला: शिडावर असताना पंखा बांधत नव्हतात का? मास्तर डायनामोबद्दल काही म्हणणार होते, पण म्हणाले नाहीत.

आणि त्यानंतर ठराव करून इतिवृत्तात काय लिहिलं गेलं? मी आईला सभासद म्हणून बरोबर नेऊन ते रजिस्टर काढायला लावलं आणि वाचलं. 'पूर्वीच्या नावाड्याने शाफ्ट वेळोवेळी बांधून ठेवल्यामुळे गिअरबॉक्सची हानी झाली.' दोन महिने ज्यानं बोटीला हात लावला नव्हता त्या माणसाच्या नावावर. मी ते वाक्य आबांना जसंच्या तसं सांगितलं. पहिल्यांदाच ते हसले नाहीत. म्हणाले, "गोदीत पंधरा वर्षं काढली. माझ्या हातनं मशीन मेलं असं कुणी लिवलं नव्हतं."

आता बोट दुरुस्त होऊन काठावर उभी आहे. भाचा पुण्याला गेला, त्याला आता बसमध्येही मळमळतं म्हणतात. चालवणारा कुणी नाही. गेल्या महिन्यात मास्तर आबांच्या अंगणात गेले, चहा घेतला, आणि निरोप दिला: तुम्ही रोज सकाळी या, पंखा तेवढा तुमच्या पद्धतीनं बांधून द्या, बोट दुसरं कुणीतरी नेईल, नावाडी म्हणून घेता येणार नाही, कारण ठराव आहे. हे सांगताना त्यांना हसू कसं आलं नाही, हे त्यांनाच माहीत.

आबांनी त्यांना एवढंच सांगितलं, "मास्तर, आधी ते लिवलेलं खोडा. मग म्या येतो. चहा घ्या अजून."

बायकांना पलीकडची जाळी उचलता येत नाहीत. टोपल्या रिकाम्या जातात. सगळ्यांना बोट पाहिजे, सगळ्यांना आबा पाहिजेत, आणि रजिस्टरातलं एक पान कुणाला उलटायचं नाही. चेअरमन मला परवा भेटले तेव्हा म्हणाले, तुमचा लेख लिहा, वाचतील लोक, करमणूक होईल. म्हणून हा लिहिला. करमणूक झाली असेल तर बरं.

आता ऐका. संस्थेची वार्षिक सभा या भाद्रपदात आहे. ठराव रद्द करण्याची सूचना माझी आई मांडणार आहे. तिला अनुमोदन लागेल आणि हात लागतील. तुम्ही सभासद असाल आणि त्या सोमवारी व्हरांड्यात तुमचा हात वर गेला असेल, तर बोट हळू जाताना तुम्ही खरंच पाहिली होती, त्यात तुमचं चुकलं नाही. खूण पुसली ती मी. पण आता तुम्हाला कारण माहीत झालंय. सभेला या. मागं बसू नका. दोन्ही ठराव, नावाड्याला उतरवल्याचा आणि गिअरबॉक्सचा, रद्द करा आणि त्या कामावर त्या माणसाला पुन्हा नेमा. तुम्ही सभासद नसाल, तर तुमच्या घरातल्या सभासदाला हे आज मोठ्यानं वाचून दाखवा, आणि तो येतो म्हणेपर्यंत उठू नका.